नोव्हेंबरमधली ट्राउट

२ फेब्रुवारी

आमादोर,

फोनवर तू आधी "हं" म्हणतोस, मग "बरं" म्हणतोस, मग तिकडे वारा फार आहे, ऐकू येत नाही म्हणतोस. म्हणून लिहायला बसले आहे.

इथे सगळं जागच्या जागी आहे. बर्फ गुडघ्याखाली उतरलं. पुलाखालचा डोह कडेकडेने गोठलाय, मधली धार तेवढी उघडी आहे. गेल्या आठवड्यात चंद्र उतरतीला लागला तशी कोंबड्यांची पिसं काढून घेतली. हिवाळ्यात तिकडे जायला लागण्याआधी तू कोंबडा मांडीत दाबून धरायचास, मग मी धरायला लागले, आणि तुझे बाबा पिसं काढायचे. यंदा शेजारच्या एलादिओला बोलावलं. जन्मभर गाई सांभाळलेल्या माणसाला कोंबडा काय जड, असं मला वाटलं. ठिपक्यांच्या म्हाताऱ्या कोंबड्याने त्याच्या अंगठ्याला अशी चोच मारली, की तो ओरडला, "अगं ओब्दुलिया, हा कोंबडा आहे की तुझी सासू?" मी हसले. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा हसले, आणि लगेच मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं की काय. घरात ऐकायला होतं कोण?

पिसं मात्र चांगली उतरली, काचेसारखी. दुपारभर खिडकीशी बसून त्या पिसांच्या, गळाला लावायच्या माश्या बांधते. बोटं अजून ऐकतात. डोळ्यांना दोन चष्मे लागतात, एकावर एक.

पुस्तकांची बस बुधवारी येऊन गेली. बसवरच्या मुलीने आपणहून एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं, कुणा डॉक्टरचं, माणूस गेल्यानंतरच्या दुःखाविषयी. त्यात लिहिलंय की दुःखाच्या पायऱ्या असतात, माणूस एकेक उतरत जातो. मी निम्मं वाचलं. मला पायऱ्या दिसल्या नाहीत. सकाळी डोळे उघडते तेव्हा ते खोलीत असतं, रात्री दिवा मालवते तेव्हाही असतं. मी त्याला उठवत नाही, ते मला उठवत नाही. पुस्तक पुढच्या फेरीला परत करीन.

आता मुद्द्याचं. मासेमारीचा मोसम एप्रिलमध्ये उघडेल. दरवर्षी हिवाळ्यात तू तिकडे अर्जेंटिनात वाटाड्याचं काम करतोस आणि मार्चच्या मध्यावर घरी येतोस. गिऱ्हाइकांची पत्रं यायला लागली आहेत. फ्रोइलान गेल्याचं ऐकून वाईट वाटलं, आमादोर आम्हाला नदीवर नेईल ना, असं सगळे विचारतात. मी त्यांना काय कळवू? यंदा तू घाईने गेलास. बाबांची माती झाली आणि आठवडाही थांबला नाहीस. का ते तुला माहीत आहे आणि मलाही. ते आज लिहीत नाही. तू येणार आहेस की नाही, तेवढं सांग.

आई


१९ मार्च

आमादोर,

तुझं पत्र मिळालं. एखाद्या वकिलाच्या कचेरीतून आल्यासारखं वाटलं. वर्षभर तिकडेच राहायचं ठरवलंस. नद्या मोठ्या आहेत, मालक सरळ आहे, खोली मिळाली आहे. गिऱ्हाइकांना मी दुसरा वाटाड्या बघायला सांगावं. कोंबडे लेओनच्या त्या व्यापाऱ्याला विकून टाकावेत. बाबांच्या गळाच्या काठ्या मला हव्या तर ठेवाव्यात. शेवटी "काळजी घे". मी कशाची काळजी घेऊ, तेही लिहायचंस.

आज संत होसेचा सण, बापांचा दिवस. मी दुपारी स्मशानात जाऊन आले आणि आता टेबलाशी बसले आहे. तू येणार नाहीस म्हणतोस, तर मागच्या पत्रात टाळलं ते लिहिलेलं बरं. आपण दोघं त्याच्या भोवतीने किती दिवस चालणार?

बाबांनी अन्न टाकलं होतं. पाणीही चमच्याने. त्या सकाळी त्यांना अचानक हुशारी आली. तुला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ट्राउट खावीशी वाटते. आपल्या नदीची. लसूण नि लाल मिरची घालून, शिळ्या पावाचं सूप."

तू म्हणालास, "बाबा, नोव्हेंबर आहे."

"महिना मला कळतो."

"त्या अंडी घालताहेत, बाबा. उथळावर आल्या आहेत सगळ्या."

"एक आण," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

संध्याकाळी तू कागदात गुंडाळलेला मासा माझ्या हातात दिलास. तुझी विजार ओली होती, बाहेर पाऊस होता, मी काही विचारलं नाही. कागद उघडला. डोकं नाही, शेपटी नाही, कडेचे पर नाहीत. या घरात मी डोकं-शेपटी छाटलेली ट्राउट कधी रांधलेली नाही. तळ्यात पाळलेल्या माशाची शेपटी सिमेंटवर घासून बोथट होते, हे या खोऱ्यात पोराटोरांना माहीत असतं. ती कोणी पाहू नये म्हणून तू ती छाटलीस. म्हणजे नुसत्या बाबांना नाही, मलाही फसवायला निघाला होतास. बोन्यार गावच्या दुकानातला मासा घेऊन! साठ वर्षं ज्यांनी या पाण्यात पाय भिजवले त्यांच्यासाठी!

तरी मी सूप केलं. का केलं? तुम्हा दोघांच्या मध्ये मला काही बोलायचं नव्हतं.

त्यांनी एक चमचा घेतला. तो घास बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग म्हणाले, "हिने वाहतं पाणी कधी बघितलेलं नाही." रागाने नाही, हवापाण्याचं बोलावं तसं. चमचा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. तू दारात उभा होतास. तुझा चेहरा मी पाहिला. त्याच आठवड्यात ते गेले आणि त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. नदीच्या आपल्या टप्प्यात धरलेली एकेक ट्राउट पाण्यात परत गेली पाहिजे, हा नियम त्यांनीच आणला. बारमध्ये उभं राहून अख्ख्या गावाशी भांडले. एलादिओच्या बापाने तोंडावर सांगितलं होतं, "फ्रोइलान, मासा धरून सोडायचा तर मग जेवायला बसून ताट न्याहाळायचं नि उठायचं." तरी ते हटले नाहीत. तुला काठी धरायला शिकवायच्या आधी ओल्या हाताने मासा सोडायला शिकवलं. हे सगळं मी याच टेबलाशी बसून पाहिलं आहे.

तरीही, मरणाऱ्या माणसाने एक मासा मागितला होता. एक. त्याने नदी आटली नसती. तू निदान उठून नदीवर जायचं होतंस. मला तुझा राग आहे, आमादोर. आईने असं लिहू नये, पण खोटं लिहिलं तर तुला कळेल.

आई


२८ एप्रिल

आमादोर,

तुझ्याकडून उत्तर नाही. मी थांबत नाही, लिहिते.

मोसम उघडला. मी सगळ्या गिऱ्हाइकांना येऊ नका म्हणून कळवलं. नदीवर परकी माणसं येतात, काठाकाठाने फिरतात आणि डोहाच्या तोंडाशीच पाण्यात उतरून सगळ्या माशांना उठवतात. खिडकीतून दिसतं. पडदा ओढून घेते.

तुझा तो व्यापारीही येऊन गेला. जाकीट बरं होतं, बूट नवे. कोंबडे वळवून वळवून पाहिले. मी सांगितलं, हे खोऱ्याबाहेर नेले की पिसांची चमक जाते, माझ्या आजीच्या आधीपासून लोक नेऊन बघताहेत. तो हसला. म्हणाला, "बाई, कोंबडा शेवटी कुठेही कोंबडाच."

मी म्हटलं, "मग कुठलेही घ्या ना. माझेच कशाला?"

तो गेला. तुला आवडणार नाही, पण विकायला तू इथे नाहीस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. काल एलादिओ लाकडं रचायला आला होता. काम संपल्यावर ओट्यावर बसला, वाइनचा पेला हातात घेतला आणि बोलता बोलता म्हणाला, "तुझ्या पोराला तेव्हा थंडी बाधली नाही हेच नशीब."

"केव्हा?"

"फ्रोइलानला तू शेवटचं सूप केलंस ना, त्या दिवशी. मी वरच्या कुरणातून गाई उतरवत होतो. हा उथळावर, कमरेइतक्या पाण्यात. काठी घेऊन."

"तो बोन्यारला गेला होता."

"नंतर गेला असेल. आधी तिथे होता. धरली की त्याने एक. ही एवढी." त्याने कोपरापर्यंत हात दाखवला.

"आणि?"

"आणि काय? वाकला आणि सोडून दिली. मला आधी वाटलं, निसटली. पण निसटली तर माणूस शिव्या देतो. हा गप्प."

मी विचारलं, हे मला आजपर्यंत का सांगितलं नाहीस. तर म्हणतो, "तू विचारलंस का कधी? आणि पोरगा वाटाड्या, बंद मोसमात काठी घेऊन पाण्यात. मी काय गावभर दवंडी पिटू?" पेला संपवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं, तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, निदान उठून नदीवर जायचं होतंस. तू गेला होतास. तर ते मी मागे घेते. पण त्याने काही हलकं झालं असं समजू नकोस, उलट वाढलं. तू नदीवर गेलाच नाहीस असं मी समजत होते. कायद्याला भ्यायलास म्हण, तत्त्वाला चिकटलास म्हण, त्याला काहीतरी नाव देता येत होतं. पण तू गेलास, नियम तिथेच मोडलास, ती तुझ्या हातात होती, बाबांनी मागितलेली वस्तू तुझ्या दोन हातांत होती, आणि तू ती सोडलीस. मग दुकानात जाऊन दुसरी आणलीस आणि तिची शेपटी छाटलीस.

हे मला समजत नाही. रात्रंदिवस वाचते, इतकी माणसं पुस्तकांत पाहिली, पण असं करणारा माणूस मला कुठे सापडला नाही. तुला बापापेक्षा ती मोठी झाली का?

हे पत्र पेटीत टाकावं की नाही, याचा विचार करत सकाळ गेली. टाकते आहे.

आई


२६ मे

आमादोर,

कोल्दो आला. बिल्बाओचा, बंदरात क्रेन चालवायचा तो. मेचा शेवटचा आठवडा त्याचा, कितीतरी वर्षांचा. दारात बॅग ठेवून उभा राहिला.

मी म्हटलं, "येऊ नका म्हणून लिहिलं होतं सगळ्यांना. तुला पत्र मिळालं नाही?"

"मिळालं. बायकोने वाचून दाखवलं. मी म्हटलं, अक्षर छान आहे."

"कोल्दो, आमादोर नाही. तुला नदीवर नेणार कोण?"

"तू."

"वेडा आहेस का?"

"चाळीस वर्षं जेवणाची टोपली घेऊन काठाने कोण फिरत होतं? कुठला दगड हलतो नि कुठला नाही, हे फ्रोइलान तुला विचारायचा. माझ्यासमोर विचारायचा."

"टोपली नेणं वेगळं."

"बरं, मग टोपली मी उचलतो."

या माणसाशी बोलून कोणी जिंकलेलं नाही. सकाळी मी बाबांचे छातीपर्यंतचे रबरी बूट चढवले. आत लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड, तरी पाय पोहत होता. बुटांना त्यांचा वास नव्हता, नुसत्या रबराचा होता. त्याचं मला बरं वाटलं की वाईट, ते ठरवता आलं नाही.

वरच्या बाजूला गेलो, जिथे दोन ओहोळ मिळतात तिथे. तुम्ही करता तसंच केलं, धारेच्या खालच्या अंगाला एक पाऊल मागे उभी राहिले, म्हणजे तो घसरला तर माझ्यावर येईल. त्याचं वजन पाहता आम्ही दोघंही थेट लेओनला पोचलो असतो. हे मी त्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "गाडीभाडं वाचेल."

पहिला तासभर काही नाही. तो दगडाच्या मागे माशी टाकत होता. मी सांगितलं, "मागे नाही. दगडाच्या पुढे टाक. तिथे पाणी अडतं आणि मऊ होतं, तिथे ती टेकून असते." हे मी कुठून बोलले? बाबा बोलायचे तेव्हा मी पाव कापत असायचे.

तिसऱ्या खेपेला एकीने माशी तोंडात घेतली. मीच बांधलेली माशी होती, फेब्रुवारीतल्या पिसांची. काठी अशी वाकली की कोल्दो बोलायचा थांबला. ती खाली डोहात गेली, वर आली, माझ्या पायांपुढून गेली, पाण्यात सोनेरी आणि काळं काहीतरी वळलं. जाळी मी विसरले होते. हात भिजवले आणि वाकून तिला पोटाखालून धरलं.

जुनी मादी होती. पाठीवर काळे ठिपके, कडेला लाल, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. शेपटी रुंद, कडा धारदार, कुठे घासलेली नाही. गळ ओठात वरवरच होता, बोटाने निघाला.

कोल्दो काठावर सरकला. त्याने टोपी काढली. आवाज उतरवून म्हणाला, "घे, ओब्दुलिया."

"काय घे?"

"घरी घेऊन जा. फ्रोइलानच्या नावाने. इथे कोण आहे बघायला? मी म्हणेन, पाणमांजराने नेली."

त्याला तुझी गोष्ट माहीत नाही. मी त्याला काही सांगितलेलं नाही. तो सहज बोलला, चांगल्या मनाने बोलला.

आणि आमादोर, मला ती हवी होती. बाबांच्या थडग्यावर माशाचा काय उपयोग? मला स्वतःला हवी होती. घरी नेऊन, लसूण चिरून, डोक्याशेपटीसकट ते सूप करायचं आणि टेबलावर त्यांच्या जागी ठेवायचं, हे सगळं मी पाण्यात उभी राहून पाहिलं. हिवाळाभर मी याचीच वाट बघत होते, हे मला तिथे कळलं. माझा अंगठा कल्ल्याखाली गेला होता. मान मागे वाकवायला फार जोर लागत नाही. लहानपणी मी कितीतरी वाकवल्या आहेत, आईच्या परसात, गाणं म्हणत.

मी हात उघडले.

का, ते मला नीट सांगता येत नाही. नियम आठवला नाही. बाबाही आठवले नाहीत, हे मी तुला खरं सांगते. ती जड होती, आणि तिच्यात काहीतरी चालू होतं, माझ्या तळहाताखाली, न थांबता. तेवढंच माझ्या हाताला कळत होतं आणि तेवढं कळत असताना तो अंगठा पुढे जाईना. मी म्हणत होते ना, तुला बापापेक्षा ती मोठी झाली का? मोठं-लहान काही नव्हतं तिथे. बाबा घरी होते आणि ती हातात होती, असं तुझं झालं असेल. किंवा झालं नसेल. मी तुझ्या जागी बसून लिहीत नाही, माझ्या हाताचं सांगते.

मागची पत्रं मी लिहिली तेव्हा राग खरा होता, म्हणून ती फाडून टाक असं म्हणणार नाही. तो राग आता नाही. शोधला, सापडला नाही. तेव्हा माफीसाठी यायचं असेल तर येऊ नकोस, माझ्याकडे द्यायला ती वस्तूच नाही. बाबांनी भिंतीकडे तोंड का केलं, ते मला माहीत नाही. मासा खोटा निघाला म्हणून, की तू खरा आणला नाहीस म्हणून त्यांना बरं वाटलं आणि ते दाखवायचं नव्हतं म्हणून, की नुसता शीण आला म्हणून. मी चाळीस वर्षं त्यांच्याशेजारी झोपले आणि मला माहीत नाही. तुझ्या समाधानासाठी एखादं वाक्य मी बनवू शकते, पुस्तकं वाचून तेवढं जमतं. बनवणार नाही.

जूनमध्ये कोल्दो त्याच्या मेव्हण्याला घेऊन येणार आहे. मी त्यांना नेईन. बाकीच्यांनाही या म्हणून कळवलं आहे. मोठे डोह मला झेपणार नाहीत, ते सोडून देईन. वर्षभर तिकडे राहायचं म्हणालास, राहा. यायचं झालं तर आपल्या मनाने ये, मी घरात आहे, नाहीतर नदीवर.

एक मात्र विचारायचं आहे. मला वाटत होतं, सोडली की ती सुटेल बाणासारखी. काठावरून इतकी वर्षं तसंच दिसायचं. ती गेलीच नाही. जराशी वळली आणि माझ्या पायांमागे, धार जिथे तुटते तिथे येऊन थांबली. तोंड वरच्या पाण्याकडे. बुटाला तिची कड लागत होती. माझ्या आडोशाने ती दम खात होती. मी हलले असते तर धार तिच्या अंगावर आली असती. कोल्दो काठावरून ओरडला, "काय गं, पाय अडकला का?" मी हाताने त्याला गप्प केलं. पाणी मेमध्येही किती गार असतं. गुडघे दुखायला लागले, मग दुखायचे थांबले. ती जाईपर्यंत मी उभी राहिले.

त्या दिवशी, नोव्हेंबरच्या पाण्यात, ती तुझ्याही पायांमागे थांबली होती का? किती वेळ उभा होतास?

बाकी कशाचं उत्तर देऊ नकोस. एवढंच लिही.

आई